कळतं, पण वळत नाही: समजूत आणि सवय बदलण्याची एक पद्धत

वेळेवर झोपावं, रोज थोडं चालावं, लहानसहान गोष्टींवरून चिडू नये. यातलं काहीही आपल्याला कुणी नव्याने सांगायची गरज नसते. तरी वर्षानुवर्षं तेच चालू राहतं आणि आपण म्हणतो, "कळतं, पण वळत नाही." हे निरीक्षण झालं, आणि ते खरं आहे. घोळ पुढच्या वाक्यात होतो. "स्वभावाला औषध नाही" हे निरीक्षण नाही, तो निकाल आहे, आणि बहुतेक वेळा सुनावणी न होताच लागलेला.

माझ्यापुरता तो निकाल होता, "मी धरसोड आहे." घरच्यांनी लहानपणी कधीतरी म्हटलं, मी ते उचललं आणि पुढे प्रत्येक अर्धवट सोडलेल्या गोष्टीखाली तोच शिक्का मारत गेले. पुढे जी पद्धत सांगते आहे ती त्या एका वाक्याशी भांडता भांडता बसली आहे. तिच्यात माझं संशोधन काही नाही. मानसशास्त्रात जे बऱ्यापैकी तपासलं गेलं आहे तेच वापरलं, फक्त वहीत उतरवून.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आधी मन बदलेल, मग वागणं बदलेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उलटा क्रमही तेवढाच चालतो. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं होतं की दुसऱ्याचं वागणं बघून आपण त्याच्याविषयी जसं मत बनवतो, तसंच पुष्कळदा स्वतःच्या वागण्याकडे बघून स्वतःविषयीही बनवतो. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये "हे मला जमेल" हा विश्वास कुठून येतो ते सांगताना चार वाटा दाखवल्या: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना बघणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यातली पहिली वाट सर्वांत भक्कम. म्हणजे समजूत बदलायची तर तिला पुरावा लागतो आणि पुरावा वागण्यातूनच मिळतो. अडचण अशी, की काही समजुती वागायला सुरुवातच करू देत नाहीत. म्हणून दोन्ही टोकांनी थोडं थोडं धरावं लागतं.

पहिली पायरी: एकच गोष्ट, आणि तीही डोळ्यांना दिसेल अशी

"मला शिस्त आणायची आहे", "मला सकारात्मक व्हायचं आहे" ही वाक्यं खोडून टाका. तुमच्यावर दिवसभर कॅमेरा रोखला, तर त्यात जे दिसेल किंवा ऐकू येईल तेच लिहा. "संध्याकाळी बूट घालून घराबाहेर पडते" हे कॅमेऱ्यात दिसतं. "समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत मी बोलत नाही" हे ऐकू येतं. "शांत राहतो" मात्र कॅमेऱ्याला कळत नाही.

एका वेळी एकच. उत्साहाच्या भरात चार सवयी एकदम लावायला घेतल्या की एक मोडते आणि तिच्या पाठोपाठ उरलेल्या तिन्ही जातात. मी हा प्रयोग बऱ्याच वेळा यशस्वीपणे फसवला आहे.

दुसरी पायरी: सात दिवस काहीही बदलू नका

नवख्या माणसाला ही पायरी सर्वांत कंटाळवाणी वाटते आणि तो ती हमखास गाळतो. गाळू नका. आठवडाभर फक्त नोंद ठेवायची. नको असलेली गोष्ट घडली, किंवा हवी असलेली राहून गेली, की पाच गोष्टी टिपायच्या: किती वाजले होते, कुठे होतात, सोबत कोण होतं, मन कसं होतं आणि लगेच आधी काय केलं होतं. एका ओळीत मावतं.

पाचवा रकाना सोन्याचा. सवय ही बहुतेक करून इच्छेने सुरू होत नाही, एखाद्या खटक्याने सुरू होते, आणि तो खटका आपल्याला माहीत असतो असं आपल्याला फक्त वाटतं. रात्री मी तासभर फोन चाळत बसायचे. कारण म्हणून मी आधी ताण सांगायचे, मग एकटेपणा, मग "दिवसभरात स्वतःसाठी तेवढाच वेळ मिळतो" वगैरे. सात दिवसांच्या नोंदीत पाच दिवस पाचव्या रकान्यात एकच गोष्ट निघाली: अलार्म लावायला फोन हातात घेतला. एवढंच. अलार्म लावून झाला, अंगठा आपोआप पुढच्या चित्रावर गेला. साधं अलार्मचं घड्याळ आणलं आणि फोनचा चार्जर दुसऱ्या खोलीत नेला. ताण होता तिथेच राहिला, पण फोन चाळणं अर्ध्याहून कमी झालं.

यात नवल नाही. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांकडून दिवसभराच्या नोंदी घेतल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, त्याच जागी आणि बहुधा मन दुसरीकडे असताना केलेल्या निघाल्या. जे मन दुसरीकडे असताना घडतं, त्याचं कारण मनाला विचारून कसं कळणार? ते वहीलाच विचारावं लागतं.

तिसरी पायरी: समजूत कागदावर पकडा

इथे थोडा जास्त वेळ द्या. सवय मोडण्याच्या सल्ल्यांत हाच भाग उरकला जातो आणि मग तीन महिन्यांनी माणूस मूळपदावर येतो.

समजूत विचारून सापडत नाही, कारण ती आपल्याला समजूत वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. ती पकडायची जागा म्हणजे नेमका टाळाटाळीचा क्षण. मी संध्याकाळी फिरायला जायचं ठरवलं होतं आणि चौथ्या दिवशी सोफ्यावर बसून होते. वही उघडली आणि स्वतःला विचारत गेले, उत्तरं जशी आली तशी लिहिली.

आज का नाही? उशीर झाला, आता फक्त वीस मिनिटं उरली.
वीस मिनिटं चालले तर काय होईल? काही उपयोग नाही, निदान तासभर तरी हवं.
आणि नाहीच गेले तर? मग या वेळचंही मोडलं.
मोडलं तर त्याचा अर्थ काय? की मी धरसोड आहे, ते खरंच आहे.

चार ओळींत दोन समजुती हाती लागल्या. एक त्या कामाविषयी (तासाच्या आत काही उपयोग नाही), दुसरी माझ्याविषयी. बहुतेकांच्या वहीत आणखी एक-दोन ठरलेल्या असतात. "मूड आल्याशिवाय माझ्याच्याने होत नाही" ही एक. दुसरी जास्त चिवट, कारण ती वाईट सवयीची वकिली करते: "हे नसेल तर ताण सहन होणार नाही", "आवाज चढवला नाही तर कुणी ऐकत नाही". या समजुतीला हात न लावता नुसती सवय सोडायला जाणं म्हणजे आपला आधार आपणच काढून घेतोय असं वाटत राहणं. सिगारेटचं उदाहरण बोलकं आहे. ओढणाऱ्याला मनापासून वाटतं की ती ताण घालवते. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तर सिगारेट सोडलेल्या लोकांची चिंता आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत, कमी झालेला आढळला. दोन सिगारेटच्या मधल्या वेळेत निकोटीन उतरायला लागलं की अस्वस्थता येते, पुढची सिगारेट ती शमवते, आणि श्रेय सिगारेट घेऊन जाते.

आता सापडलेल्या समजुतीचं करायचं काय? आरशासमोर उभं राहून "मी अत्यंत शिस्तप्रिय आहे" म्हणायचं नाही. हे माझं नुसतं मत नाही. २००९ मध्ये जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, मुळात स्वतःविषयी फारसं चांगलं मत नसलेल्या लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य मनात घोळवायला लावलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी, तसं न करणाऱ्या त्यांच्यासारख्याच लोकांपेक्षा वाईट वाटलं. ज्यांना या वाक्यांची गरज, त्यांनाच ती उलटतात. मन हुशार असतं, तोंडावरची स्तुती त्याला कळते.

समजूत उलटी करू नका, अरुंद करा. मी एका पानावर "धरसोड" लिहिलं आणि खाली दोन रकाने आखले: हे खरं ठरवणाऱ्या गोष्टी, खोटं ठरवणाऱ्या गोष्टी. डाव्या रकान्यात सहा-सात गोष्टी भराभर उतरल्या: गाण्याचा क्लास, एक परकी भाषा, दोनदा सोडलेला व्यायाम. उजवा बराच वेळ रिकामा होता. मग आठवलं, दात मी रोज घासते. हसू आलं, पण लिहिलं. मग कितीतरी वर्षं एकही महिना न चुकवता ठेवलेला खर्चाचा हिशेब. मग एका मैत्रिणीला दर रविवारी केलेला फोन. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक डोळ्यांत भरला. सोडलेली प्रत्येक गोष्ट मी दणक्यात सुरू केली होती, टिकलेली प्रत्येक लहान होती. म्हणून वाक्य दुरुस्त केलं: "ज्या गोष्टी मी मोठ्या प्रमाणावर सुरू करते, त्या माझ्या हातून सुटतात." हे वाक्य खुशामत करत नाही, तरी त्याच्यावर काहीतरी करता येतं. मूळ वाक्यावर काहीच करता येत नव्हतं.

चौथी पायरी: समजुतीची परीक्षा घ्या

दुरुस्त वाक्यसुद्धा अजून कागदावरच आहे. ते तपासायचं. आधी भाकीत लिहायचं, मग करायचं, मग काय झालं ते भाकिताशेजारी लिहायचं. आकडा घातला तर उत्तम, कारण आठवण नंतर सोयीस्कर बदलते. माझ्या वहीतली एक नोंद अशी: "वीस मिनिटं चालून आल्यावर बरं वाटेल याची खात्री १०० पैकी १५." परत आल्यावर: "६०. पाय गरम, डोकं हलकं."

आवाज चढवण्याची सवय असेल तर परीक्षा अशी: या आठवड्यात तीन वेळा, सांगायचं तेच सांगायचं, पण नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. आधी लिहायचं, "तीनपैकी किती वेळा ऐकलं जाईल?" नंतर खरा आकडा. भाकीत खरं ठरलं तरी नुकसान नाही, ती समजूत त्या ठिकाणी खरी आहे एवढं कळलं. कधी कधी खरंच परिस्थिती वाईट असते आणि दोष आपल्या डोक्याचा नसतो. हेही वहीतूनच दिसतं.

पाचवी पायरी: कृती लहान करा आणि खुंटीला बांधा

किती लहान? वाईटातल्या वाईट दिवशीही टाळायला लाज वाटेल इतकी. माझी कृती फिरणं नव्हती. बूट घालून दाराबाहेर पाऊल टाकणं, एवढीच होती. तिथून परत आले तरी त्या दिवसाची खूण करायची मला परवानगी होती. दोनदा खरंच परत आले.

मग तिला खुंटी हवी. "रोज संध्याकाळी" ही खुंटी नव्हे, संध्याकाळ फार पसरट असते. आधीपासून न चुकता घडणारी एखादी गोष्ट शोधा आणि वाक्य "जेव्हा... तेव्हा..." असं लिहा: "कामाहून येऊन पिशवी खुर्चीवर ठेवली, की बसायच्या आधी बूट घालायचे." हे क्षुल्लक वाटतं, पण पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात या जर-तर वाक्यांवर भर दिला, आणि २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा त्यांचा परिणाम स्पष्टपणे जास्त निघाला. कारण सोपं आहे. निश्चय आपल्याला आठवावा लागतो, खुंटी आपल्याला आठवण करून देते.

सोडायच्या सवयीसाठी हीच रीत, फक्त "तेव्हा"च्या पुढे "करणार नाही" लिहू नका. मोकळी जागा मन जुन्याच गोष्टीने भरतं. "मध्येच बोलावंसं वाटलं, की बोटं एकमेकांत गुंफून धरायची", असं हातापायांना काहीतरी काम द्या.

सहावी पायरी: जागा बदला, निग्रहावर भार टाकू नका

हे सांगायला मला आवडतं असा एक प्रयोग आहे, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजं पॉपकॉर्न दिलं, काहींना आठवडाभर जुनं. ज्यांना चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळं पॉपकॉर्नही ताज्याइतकंच खाल्लं. आवडलं नाही हे कबूल करून खाल्लं! तशीच सवय असलेली दुसरी माणसं मीटिंगच्या साध्या खोलीत बसवली तेव्हा शिळ्याला फारसा हात लागला नाही. चित्रपटगृहातच, पण सवय नसलेल्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळं पॉपकॉर्न कमी खाल्लं गेलं.

म्हणजे सवय चवीला बांधलेली नव्हती, खुर्चीला आणि हाताला बांधलेली होती. तेव्हा नको त्या गोष्टीच्या वाटेत वीस सेकंदांचा त्रास घाला: चार्जर दुसऱ्या खोलीत, अॅप काढून टाकलेलं, वस्तू वरच्या फळीवर. हव्या त्या गोष्टीच्या वाटेतला तेवढाच त्रास काढा. बूट कपाटात नको, दारातच. घर बदललं, नोकरी बदलली, वेळापत्रक उलटंपालटं झालं, की जुने खटके आपोआप सुटतात. असा काळ चालून आला तर तो वाया घालवू नका.

सातवी पायरी: पुराव्याची वही

दिनदर्शिकेवर फुली मारणं ठीक आहे, पण फुलीला फक्त संख्या कळते. रोज एक ओळ लिहा, आणि ती दुरुस्त समजुतीच्या संदर्भात लिहा. "३२ मिनिटं चालले" यापेक्षा "यायला उशीर झाला, डोकं दुखत होतं, तरी कोपऱ्यापर्यंत गेले" ही नोंद मोलाची, कारण ती "मूड असेल तरच" या समजुतीविरुद्ध साक्ष आहे. अशा नोंदी नाही केल्या तर मन एक चलाखी करतं: चुकलेले दिवस आपल्या स्वभावाच्या खात्यावर आणि जमलेले दिवस नशिबाच्या खात्यावर टाकतं. लिहून ठेवलं की खातं बदलता येत नाही.

चुकलेला दिवस

तो येणार. माझा अकराव्या दिवशी आला. पाऊस नाही, पाहुणे नाहीत, नुसती गेले नाही. आणि लगेच ते जुनं वाक्य हजर.

व्यसनमुक्तीत काम केलेल्या अॅलन मार्लट यांनी ही साखळी नेमकी टिपली होती. एकदा घसरण्याने तितकं बिघडत नाही, त्या घसरण्याचा जो अर्थ आपण लावतो त्याने बिघडतं. "आता मोडलंच आहे, तर जाऊ दे" इथून खरी पडझड सुरू होते. त्यासाठी एक जर-तर आधीच लिहून ठेवा, चुकण्याच्या आधी: "एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी सर्वांत लहान रूपात करायचं आणि चुकल्याचं कारण एका ओळीत लिहायचं." शिक्षा नाही, दुप्पट करून भरपाई नाही. भरपाई ही मोठी सुरुवातच असते, मागच्या दाराने आलेली.

किती दिवस लागतात?

२१ दिवस हा आकडा तुम्ही ऐकला असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे त्यातलं "निदान" गळलं आणि चेहऱ्याचं सवयीला लागलं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांवर १२ आठवडे नोंदी घेतल्या. २०१० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात एखादी कृती जवळपास आपोआप व्हायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. यातला मोठा आकडा आलेखाची रेषा पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यास ८४ दिवसांतच संपला होता. म्हणून ६६ हाही मंत्र करू नका. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी जास्त कामाच्या: पाणी पिण्यासारख्या सोप्या कृती व्यायामापेक्षा लवकर अंगवळणी पडल्या, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते. जुन्या जागी, जुन्या सोबतीत, थकलेल्या दिवशी ती डोकं वर काढते. वर्षभराने काढली तरी घाबरू नका. त्या वेळी खुंटी आणि सर्वांत लहान कृती, या दोनच गोष्टींकडे परत जायचं.

ही पद्धत कुठे पुरत नाही

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती वहीच्या भरवशावर एकाएकी बंद करू नये. त्यात झटके येण्यापर्यंत धोका असतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो आळस नाही आणि सवयीचा प्रश्नही नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. वही नंतर.

तीन महिन्यांनी

पहिलं पान उघडा आणि तिथे लिहिलेली समजूत पुन्हा वाचा. तिच्यापुढे आजचा आकडा टाका: १०० पैकी किती खरी वाटते? शून्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या "मी धरसोड आहे"पुढे तेव्हा ८५ होते, आता ३० आहेत. गाण्याचा क्लास अजून बंदच आहे. पण परवा अलमारी आवरताना तानपुऱ्याचं अॅप असलेला जुना टॅब सापडला, तेव्हा मी एका महिन्याची फी भरली नाही. टॅब चार्जिंगला लावला आणि वहीत लिहिलं: "रात्रीची भांडी झाली, की एक सा."